निरंक

हीउमा बेटावर, बंदरकचेरीत,
हीटरला पाठ लावून बसले आहे.
समोर त्रेचाळीस वह्यांची मिळून एकच फाइल,
कुणीतरी कधीतरी टंकून ठेवलेली,
स्वल्पविरामांनी तोडलेली :
होडी, तांडेल, निघाली, शेरा, परतली, किलो.

मला ती फक्त वाचायची आहे
आणि दुसऱ्या साच्यात लिहायची आहे,
महिरपी कंसांत, प्रत्येक गोष्ट आपापल्या नावानिशी,
म्हणजे तालिनमधलं यंत्र ती गिळेल.
वाच. लिही. दोन ओळींचं काम.
चारची फेरीबोट मी मनात धरली होती.

पहिल्याच धडकेला तोनु फुटला.
त्याच्या नावातल्या ओ-वर एक बारीक लाट असते,
आमच्या भाषेत त्या लाटेवाचून तो स्वरच नाही.
तिथे प्रश्नचिन्ह उमटलं.
बेटावरचे सगळे तोनु एका झटक्यात संशयित.
लिपीचा संकेत बदलला,
लाट जागेवर आली.

मग शेरा.
एंडेल कारकुनाने त्या बोटभर घरात
काय काय कोंबलंय :
वारा वायव्येचा, जाळं फाटलं, मुलगा झाला
आणि दर स्वल्पविरामाला
प्रोग्रॅम इमानदारीत पुढच्या घरात सरकला.
परतली : जाळं फाटलं.
किलो : मुलगा झाला.
'मुलगा झाला' ही संख्या नाही,
असं लाल अक्षरांत मला कळवण्यात आलं.

सहाशे अकरा शेऱ्यांना
हाताने अवतरणचिन्हांची कुंपणं घातली.
फेरी गेली. भोंगा ऐकला मी.

ओळ चार हजार एकशे अठरा.
होडी कायाकस, तांडेल ऑस्कर,
निघाली पहाटे पाच वीस.
पुढे नुसते स्वल्पविराम, एकामागे एक,
मध्ये काहीच नाही.
मी लिहिलं : रिकामं असेल तर शून्य धर.
प्रोग्रॅम सुरळीत पुढे गेला.

संध्याकाळी एंडेल आला. वय चौऱ्याऐंशी,
लोकरी टोपीला धुरावलेल्या माशाचा वास.
पडद्यावर बोट टेकवून ओळी वाचत खाली उतरला,
थांबला.
"हे शून्य कुणी घातलं?"
"मी. रिकामं होतं ते."
"रिकामं नव्हतं. सोडलं होतं."

मग सांगत बसला, मला नव्हे, पडद्याला :
शून्य मीही लिहायचो, खूपदा, गोल गरगरीत.
होडी येते, जाळं कोरडं असतं, ते शून्य.
आडवी रेघ म्हणजे बर्फ, कुणी गेलंच नाही.
आणि हे...
हे लिहायला मी दौत उघडी ठेवून बसलो होतो.
रविवारपर्यंत.

मी शून्य खोडलं.
या साच्यात त्यालाही एक शब्द आहे,
अवतरणाबाहेर उभा राहणारा,
ना आकडा, ना कोरं अक्षर.
घराचं नाव राहतं, दार राहतं,
आत कुणी आहे की नाही
याबद्दल तो बोलत नाही.
सरकारी कागदात निरंक म्हणतात त्याला,
पण निरंक म्हणजे संपलं, सही करा.
हा संपत नाही.

मग शेवटची कसोटी.
लिहिलेलं पुन्हा वाचायचं, पहिल्याशी ताडून बघायचं.
गेलं तसंच आलं पाहिजे, काना-मात्रेसकट.
आमच्या धंद्यात याला परतफेरी म्हणतात.
हे मी एंडेलला सांगितलं नाही.

सगळ्या ओळी परत आल्या.
कायाकसही आली,
परतल्याची वेळ तशीच घेऊन.

एंडेलने चष्मा पुसला.
"पुढची दाखव."
चार हजार एकशे एकोणीस :
सोमवार, वारा नाही,
सात होड्या गेल्या.
त्यात एका ठिकाणी स्वल्पविराम चुकलाय, म्हणाला,
तो मात्र माझाच.
राहू दे.